लायब्ररीच्या इन्स्टॉलरने संगणकाचा पाथ परस्पर बदलावा का?

प्रश्नकर्ता (शिरोली)
नमस्कार. शिरोली एमआयडीसीतील फाउंड्र्यांसाठी मी चाचणी-नोंदी वाचणारी एक छोटी पायथन लायब्ररी लिहिली असून तिच्यासोबत सी भाषेतील एक डीएलएल (प्रोग्रॅम चालताना लागणारी तयार कोडची फाइल) आणि कमांड लाइनवर चालणारे एक साधन येते. वापरणारे बहुतेक लॅबमधले किंवा शॉप फ्लोअरवरचे. ‘कमांड सापडत नाही’ असे दिसले की फोन थेट मला येतो. ते टाळण्यासाठी मी बॅच फाइलमध्ये चालू पाथच्या (विंडोज ज्या फोल्डरांत कमांड शोधते त्यांची यादी) शेवटी माझे फोल्डर जोडणारी सेटएक्सची (अशी सेटिंग कायमची बदलणारी विंडोजची कमांड) ओळ घातली आणि ती सर्व वापरणाऱ्यांना लागू असलेल्या सिस्टिमच्या पाथवर लिहिली जावी म्हणून स्लॅश एम हा पर्यायही दिला. चार-पाच ठिकाणी काही अडले नाही. गेल्या आठवड्यात मात्र एका कारखान्यात माझी फाइल चालवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे आधीचे दुसरेच सॉफ्टवेअर सुरू होईना. पाथ उघडला तर शेवटच्या फोल्डरचे नाव मध्येच तुटलेले, आणि माझे फोल्डर त्यात नव्हतेच! चूक माझी आहे, पण मुळात लायब्ररीने पाथला हात लावावा का, यावर जाणकारांचे मत हवे आहे.

उत्तर १ (उद्यमनगर)
सेटएक्स १०२४ अक्षरांपुढचा मजकूर कापून टाकते. तसा इशारा ती देते, पण बॅच फाइल संपताच खिडकी मिटते आणि तो कोणीच वाचत नाही. शिवाय कमांड खिडकीत दिसणारा पाथ हा सिस्टिमचा आणि वापरणाऱ्याचा असे दोन्ही एकत्र जोडून तयार झालेला असतो, त्यामुळे आपण एकाचे सामान दुसऱ्याच्या घरात नेऊन ठेवले आणि वर जागा कमी पडली म्हणून उरलेले फेकून दिले. पुन्हा कधी असे झाले, तर बदलाआधी उघडलेली एखादी कमांड खिडकी अजून चालू आहे का ते आधी पाहावे; तिच्याकडे जुन्या पाथची प्रत असते आणि नुसते ‘पाथ’ टाइप केले की ती समोर येते.
डीएलएलसाठी तर पाथ बदलण्याचे कारणच उरलेले नाही. २०१९ मध्ये आलेल्या पायथन ३.८ पासून विंडोजवर एक्स्टेंशन मॉड्यूलना (सीसारख्या भाषेत लिहून पायथनला जोडलेल्या भागांना) लागणाऱ्या डीएलएल पाथमध्ये शोधल्या जात नाहीत. त्यांचे फोल्डर ‘ॲड डीएलएल डिरेक्टरी’ या फंक्शनने लायब्ररीनेच सांगायचे असते.

उत्तर २ (राजारामपुरी)
डीएलएलबाबत सहमत आहे, परंतु कमांडचे काय? जी कमांड नाव टाइप करून चालत नाही, ती सामान्य माणसाच्या दृष्टीने इन्स्टॉल झालेलीच नसते. रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेचा इन्स्टॉलर पाथ बदलतो, पण आधी तसे सांगतो आणि नको असल्यास बदल टाळण्याचा पर्यायही देतो. पायथनच्या विंडोज इन्स्टॉलरमध्ये पाथची चौकट असते, पण तिच्यावर आधीपासून टिकमार्क नसतो. हीच रीत मला योग्य वाटते: विचारावे, होकार मिळाल्यास फक्त त्या वापरणाऱ्याच्या पाथमध्ये भर घालावी आणि काढून टाकताना आपली नोंदही काढून न्यावी. शेवटचा भाग बहुतेक जण विसरतात.

उत्तर ३ (कसबा बावडा)
मी कॉलेजच्या संगणक लॅबचे काम पाहतो. एका पॅकेजने स्वतःबरोबर आणलेले पायथन पाथच्या सुरुवातीला बसवल्यामुळे विद्यार्थी पॅकेज एका पायथनमध्ये टाकत होते आणि प्रोग्रॅम दुसऱ्यातच चालत होता. ‘व्हेअर पायथन’ ही कमांड दिल्यावर एकाखाली एक तीन पत्ते निघाले. त्यामुळे ‘विचारून’ या सवलतीवरही माझा फारसा विश्वास नाही, कारण विचारले की माणूस न वाचता ‘हो’ म्हणतो. विंडोजवर ‘पाय’ लाँचर (पायथन सुरू करून देणारी छोटी कमांड) असेल, तर त्याला ‘एम’ पर्याय आणि मॉड्यूलचे नाव दिले की साधन पाथविना चालते.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. सेटएक्सची ओळ काढली, डीएलएलचे फोल्डर आता लायब्ररीच सांगते, आणि साधनासाठी डेस्कटॉपवर एक शॉर्टकट ठेवला आहे, जो ‘पाय’ लाँचरमार्फत चालतो. त्या कारखान्याचा पाथ त्यांच्याकडच्या तशाच दुसऱ्या संगणकावरून पाहून हाताने भरून दिला. त्यात अर्धा दिवस गेला. राजारामपुरीच्या मित्रांची विचारण्याची सूचना तूर्त बाजूला ठेवतो. फोन येतील ते येऊ देत.