ठासणीच्या बंदुकीच्या नळीत घट्ट बसलेली काजळी कशी काढावी?

बागायतदार_सिंधुदुर्ग

नमस्कार. आमच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरील एकनळी ठासणीची (तोंडाकडून दारू व छर्रे ठासून भरायची) बंदूक आहे. निवडणुकीच्या आचारसंहितेच्या काळात ती पोलीस ठाण्यात जमा होती. त्याआधी बागेतली माकडे हुसकावण्यासाठी बरेच बार काढले गेले होते, आणि जमा करताना घरच्या गड्याने नळी कोरड्या फडक्याने पुसून वर भरपूर तेल ओतले होते. आता गजाला गुंडाळलेली चिंधी तळाच्या चार बोटे अलीकडेच अडते आणि डांबरासारखा चिकट काळा थर घेऊन बाहेर येते. केप (घोड्याच्या आघाताने ठिणगी देणारी छोटी टोपी) बसवायचे निपलही जागचे हलत नाही. रॉकेल वापरून पाहिले, पण थर जेमतेम वरवरचाच निघतो. जाणकारांनी उपाय सुचवावा.

लांबनळी_पेनसिल्व्हेनिया

साफसफाईचे नंतर पाहू. चिंधी चार बोटे अलीकडे अडते, हे वाचून पहिली शंका अशी येते की आत जुना बार ठासलेला तर नाही ना. बंदुकीचे तोंड स्वतःकडे न येऊ देता गज आत सोडा, नळीच्या तोंडापाशी त्यावर खूण करा आणि तोच गज नळीच्या बाहेरून, खूण तोंडाशी जुळवून धरा. गजाचे टोक निपलाच्या बुडापर्यंत पोहोचले तर नळी रिकामी आहे. अलीकडे थांबले तर बंदूक भरलेली आहे असेच धरून चाला आणि पुढचे काम परवानाधारक कारागिराकडे सोपवा. पाणी ओतले की दारू निकामी झाली, असे समजून आत काही खुपसू नये.

नळी रिकामी असल्याची खात्री झाल्यावर रॉकेल, डिझेल, तेल हे सगळे बाजूला ठेवा. माझी रायफल चकमकीची (गारगोटीच्या ठिणगीने बार पेटवणारी) आहे, कारण आमच्या राज्यात नाताळानंतर हरणांचा जो हंगाम असतो त्यात चकमकीच्याच बंदुकीला मुभा आहे. पण दारू इथेही काळीच, आणि तिची घाण पाण्याने निघते. माझ्या रायफलीची नळी दस्त्याला पक्की खिळलेली असल्यामुळे मी रंजकाचे छिद्र (ठिणगी आत जाण्याची बारीक वाट) लाकडी काडीने बंद करतो, नळीत कोमट पाणी भरतो, थोडा वेळ थांबून ओततो, आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच करत राहतो. मग ओल्या चिंध्या, मग कोरड्या. दस्त्यात पाणी झिरपू देऊ नये, कारण लाकडाखाली लपलेला गंज शेवटपर्यंत दिसत नाही.

प्रयोगशाळा_सांगली

वरील सल्ल्यामागचे कारण सांगतो. काळ्या दारूत साधारण ७५ टक्के सोरा (पोटॅशियम नायट्रेट), १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक असते, आणि ती जळल्यावर सगळीच धुरात जात नाही. नोबल आणि एबल या ब्रिटिश संशोधकांनी १८७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत निम्म्याहून अधिक, सुमारे ५७ टक्के वजन घनरूपात उरल्याचे आढळले होते. या अवशेषात मुख्यतः पोटॅशियमचे कार्बोनेट, सल्फेट आणि सल्फाइड असतात, म्हणजे हे क्षार आहेत. ते पाण्यात सहज विरघळतात, रॉकेलात नाही. त्यांवर तेल ओतले की दोहोंचा चिकट लगदा होतो, आणि त्याखाली क्षार हवेतला ओलावा शोषून लोखंड खात राहतात. कोकणातल्या दमट हवेत तर याला फार दिवस लागत नाहीत.

आपल्या नळीत आधीच तेल असल्यामुळे पहिल्या पाण्यात भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे काही थेंब घालावेत. ओले होताच कुजक्या अंड्यासारखा वास येईल. तो सल्फाइडचा आहे, आणि तो येतो आहे तोवर काम संपलेले नाही असे समजावे. हायड्रोजन पेरॉक्साइड घातलेली मिश्रणे सुचवणारे बरेच भेटतात. फेस जोरात येतो म्हणून ती आवडतात, पण लोखंड गंजवायला ती पुरेशी असतात.

जुना_शिकारखाना

पाणी कोमट नव्हे, उकळते घ्यावे. नळी तापली की उरलेला ओलावा आपोआप उडतो. आमच्याकडे पूर्वीपासून हीच रीत आहे.

लांबनळी_पेनसिल्व्हेनिया

उकळत्या पाण्याचा वाद इथेही संपलेला नाही. नळी लवकर वाळते हे खरे, पण तापलेल्या उघड्या लोखंडावर बघता बघता तांबूस गंजाची साय धरते. क्षार कोमट पाण्यातही विरघळतात, त्यामुळे मी तो धोका घेत नाही.

बागायतदार_सिंधुदुर्ग

सर्वांचे आभार. गज बाहेरून लावून पाहिला तर तो खरोखरच कमी भरला, म्हणून बंदूक परवानाधारक कारागिराकडे नेली. आत बार नव्हता. तळाशी चिंधीचा एक तुकडा अडकला होता आणि त्याच्याभोवती काजळी दगडासारखी घट्ट झाली होती. त्यांनी स्क्रूचे टोक लावलेल्या गजाने तो तुकडा ओढून काढला आणि निपलही सोडवून दिले. आता पाण्याने धुतल्यावर नळीचा मधला भाग स्वच्छ दिसतो, मात्र तळाच्या कडेला कडक कडे राहिले आहे.

लांबनळी_पेनसिल्व्हेनिया

त्या कड्यासाठी नळीच्या तळाच्या आकाराचे सपाट पितळी खरवडणे गजाला लावून, पाणी भरलेल्या अवस्थेतच हलक्या हाताने फिरवावे. पोलादी तारेचा ब्रश नको. काशाचा चालेल, पण तो तळाशी अडकला तर सरळ न ओढता, गजाचा आटा घट्ट होईल त्या दिशेने पिळत बाहेर काढावा. निपलाखालच्या बारीक वाटेसाठी पाइप साफ करायची केसाळ तार उत्तम. जुन्या बंदुकीच्या नळीच्या बुडाचा स्क्रू घरी खोलण्याच्या फंदात मात्र पडू नये. नव्या बनावटीच्या अनेक रायफलींत तो खोलण्यासाठीच दिलेला असतो, जुन्यांत नाही.

एवढे करूनही काही चिकटून राहिले तर ते दारूचे नाही असे समजा. माझ्यासारख्या, आतून पीळदार आटे पाडलेल्या नळीत ते शिसे असते, किंवा गोळीभोवतीच्या प्लॅस्टिकच्या आवरणाचा थर असतो, आणि त्यावर पाणी चालत नाही. त्यासाठी वेगळा द्रावक लागतो. आपल्या सपाट नळीत छर्रेच वापरत असाल तर बहुधा तो गंज असेल.

प्रयोगशाळा_सांगली

शेवटी कोरड्या चिंध्यांनंतर स्पिरिटात भिजवलेली एक चिंधी फिरवावी, म्हणजे खाचाखोचांतले पाणी निघून जाईल, आणि मगच तेलाचा पातळ हात द्यावा. दुसऱ्या दिवशी पांढरी चिंधी आत घालून पाहावी. ती तपकिरी निघाली तर पुन्हा धुवावे लागेल. नुसते तेल वाढवून उपयोग नाही. पुढच्या वेळी दारू भरण्यापूर्वी ते तेल पुसून काढायचे आहे, नाहीतर पहिला बार फुसका जाईल.