विषय: २०२६ची दिनदर्शिका गूगल डॉक्समध्ये

नमस्कार मंडळी,

यंदा दिनदर्शिकेचं काम मराठी शाळेकडे आलंय. चौघींना आपापल्या घरून एकाच फाईलमध्ये भरता यावं म्हणून गूगल डॉक्स घेतलं. पण मे महिन्याची शेवटची ओळ दर वेळी दुसऱ्या पानावर जाते आणि काही महिन्यांमागे कोरं पान निघतं. आधी कुणी केलंय का?

— मराठी शाळा, न्यू जर्सी

*

ताई,

मागची तीन वर्षं मीच करत होतो, त्यामुळे हे सगळं भोगून झालंय.

आधी पेज सेटअपमध्ये पान आडवं करा. कागद लेटर घ्या, ए-फोर नको. इथे घरोघरी लेटरच असतो. समास चारही बाजूंनी अर्धा इंच. मग सात रकाने, सात ओळी: एक वारांची, सहा तारखांची. फेब्रुवारी २०२६ रविवारी सुरू होतो आणि बरोबर चार ओळींत बसतो, पण मे आणि ऑगस्टला सहा लागतात. बाराही महिन्यांना सहाच ठेवा. रिकाम्या चौकोनांत मुलांची चित्रं छान दिसतील.

ओळीची उंची टेबल प्रॉपर्टीजमध्ये एक इंच द्या. पण ती कमीत कमी उंची असते. मजकूर वाढला की चौकोन फुगतो आणि सहावी ओळ खाली ढकलली जाते. तुमच्या मे महिन्याचं हेच झालंय. चौकोनात तारखेखाली दोन ओळी, त्याहून जास्त नाही.

कोऱ्या पानाचं कारण वेगळं. तक्त्याखाली डॉक्स एक रिकामी ओळ ठेवतंच, ती खोडता येत नाही. कर्सर तिथे नेऊन अक्षराचा आकार १ करा. पुढच्या महिन्याला जायला एन्टर मारत बसू नका. कंट्रोल आणि एन्टर एकत्र दाबा.

आकडे देवनागरीच हवेत. इंग्रजीत भरून झाले असतील तर फाइंड अँड रिप्लेस दहा वेळा करा, पण फोन नंबर टाकायच्या आधी. आणि फॉन्टच्या यादीत तिरो देवनागरी मराठी शोधा. त्यात ल आणि श आपल्या वळणाचे आहेत. शनिवारी वर्गात पोरं जो ल गिरवतात, तोच घरी फ्रिजवर दिसायला हवा. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

— काका (जुनी दिनदर्शिका समिती)

*

ताई, काकांनी तक्ता सांगितला, मी तिथींचं सांगते.

भारतातून आलेल्या कॅलेंडरवरून तिथी जशाच्या तशा उतरवू नका गं. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. तो क्षण साऱ्या जगाला एकच, पण तेव्हा तिकडे सकाळ असली तर इकडे आदली रात्र असते. दिवसाची तिथी आपल्या सूर्योदयाला पाहायची, आणि संकष्टी आपल्या चंद्रोदयाला. उपास इथे सोडायचा तर चंद्रही इथलाच बघायला हवा ना!

२०२६मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, इथल्या सूर्योदयाप्रमाणे १७ मे ते १४ जून. म्हणून गणपती २०२५ला २७ ऑगस्टला आले, तर २०२६ला १४ सप्टेंबरला. ‘बाप्पा उशिरा का?’ असं मुलं विचारणारच, तेव्हा मेच्या पानावर अधिक मास ठळक लिहा. १४ला सोमवार आहे. आपला उत्सव शनिवारी १९ला धरलाय, तर दोन्ही चौकोन भरा. ८ मार्च आणि १ नोव्हेंबरला घड्याळं बदलतात, तेही लिहा. आईबाबांना फोन करायची वेळ चुकते बघ.

वर्षभराच्या संकष्टी इथल्या चंद्रोदयाप्रमाणे काढून ठेवल्यात. मला फक्त कमेंटची परवानगी दे, म्हणजे तक्त्याला धक्का लागणार नाही.

— काकू

*

काका, काकू, मे एका पानात बसला! काकू, परवानगी दिली आहे. ल बदलल्यावर पान एकदम आपलं वाटायला लागलं. चित्रांसाठी या शनिवारी वर्गात कोरे चौकोन छापून नेते.

— मराठी शाळा