मुरवलेला ओला कचरा गांडुळांना थेट घालायचा का?

बी-३०२ ताई:
काकू आहात का ग्रुपवर, जरा अर्जंट आहे. बोकाशीची बादली, म्हणजे कोंडा घालून ओला कचरा हवाबंद मुरवतो ती, भरल्यावर दोन आठवडे बंद ठेवली होती, काल उघडली, आंबूस वास होता, वर पांढरी बुरशी होती, म्हणजे नीटच मुरलं होतं ना, म्हणून अर्धी बादली गांडुळांच्या डब्यात ओतली. आत्ता बघते तर सगळी गांडुळं झाकणाला आतून चिकटलीत, काही तर बाहेर फरशीवर आलीत. मरतायत का ती? काय करू?

सी-५०१ काकू:
अगं घाबरू नकोस, पळतायत म्हणजे जिवंत आहेत. आधी हे कर, कारण नंतर सांगते. जे ओतलंस ते जेवढं निघेल तेवढं काढून दुसऱ्या टबात टाक आणि त्यात कुंडीतली जुनी माती भरपूर मिसळ. गांडुळांच्या डब्यात पुठ्ठ्याचे बारीक तुकडे ओले करून पिळून टाक, जुनं गांडूळखत असेल तर तेही एक थर. मग झाकणावरची गांडुळं हलक्या हाताने खाली सोड, फरशीवरची पण, झाकण उघडं ठेव आणि वरचा दिवा चालू ठेव. त्यांना उजेड सोसत नाही, खाली बरी जागा मिळाली की आपोआप आत जातात. पण आंबट माल काढायच्या आधी दिवा लावू नकोस हं, नाहीतर वरून उजेड आणि खालून आम्ल, जाणार कुठे ती.

बी-३०२ ताई:
करते लगेच

डी-२०३ वहिनी:
पण काकू मी तर वाचलंय की बोकाशी गांडुळांना आवडते, मग असं का झालं

सी-५०१ काकू:
आवडते, खरंच आवडते, पण लगेच नाही आणि एकदम एवढी नाही. बोकाशीच्या बादलीत लॅक्टिक आम्ल तयार होतं, मुरलेल्या मालाचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, जितकं कमी तितकं जास्त आंबट, ४ च्या आसपास किंवा त्याहून खाली जातो, आणि गांडुळांना साधारण ६ ते ७.५ लागतो. त्यांची कातडी उघडी आणि ओली असते, श्वास पण तिच्यातूनच घेतात, त्यामुळे आम्ल थेट अंगाला लागतं. दुसरं म्हणजे बंद बादलीतला माल हवेत आला की हवेतले जिवाणू त्याच्यावर तुटून पडतात आणि ढीग जाड असेल तर तो गरम होतो, छोट्या डब्यात गांडुळांना त्या उष्णतेपासून लांब जायला जागाच नसते. आणि तिसरं मीठ, खरकट्यातलं. ह्या तिन्ही गोष्टी एकदम आल्या की ती वरच चढणार. थोडी बोकाशी एका कोपऱ्यात ठेवली असती आणि बाकी डबा मोकळा असता तर आधी लांब राहिली असती, मग आंबटपणा उतरला की त्याच कोपऱ्यात गोळा झाली असती.

ए-१०४ काका:
मला एक कळत नाही. दोन आठवडे मुरवून पण ते खत झालं नाही म्हणता, मग मुरवलं कशाला? सरळ गांडुळांना का घालू नये?

सी-५०१ काकू:
काका हाच प्रश्न सगळ्यांना पडायला हवा. बोकाशीची बादली खत करत नाही, ती कचरा टिकवते. गुरांसाठी मुरघास करतात ना, हिरवा चारा दाबून हवा काढून बंद करतात आणि तो आंबून टिकतो, अगदी तेच चालू असतं बादलीत. म्हणून तर दोन आठवड्यांनी उघडली तरी सालीची साल ओळखू येते, देठाचा देठ, आकारमान पण फारसं कमी झालेलं नसतं आणि लोकांना वाटतं बिघडलं. बिघडलेलं नसतं. आतून मऊ पडलेलं असतं, आणि मातीत गेलं की २ ते ४ आठवड्यांत बहुतेक दिसेनासं होतं. खत मातीत होतं, बादलीत नाही.

आणि गांडुळांना सरळ का नाही तर कच्ची सालं, देठं, पानं, चहाचा चोथा हे सरळच घालायचं, त्याला मुरवायची काहीच गरज नाही. पण शिजवलेलं, तेलकट, मसालेदार, दुधाचं, मांस-मासे हे गांडुळांच्या डब्यात सडतं, वास सुटतो, माशा येतात, उंदीर येतात. ते बोकाशीत जातं. मी घरात दोन भांडी ठेवलीत ती एवढ्यासाठी, कच्चं एकीकडे आणि शिजलेलं दुसरीकडे. दोन्ही पद्धती एकमेकींच्या जागी वापरायला गेलं की त्रास होतो.

सी-६०२:
काका थोडं त्यामागचं पण सांगतो, मला हे फार आवडतं. ही पद्धत जपानमधली, ओकिनावातल्या र्‍युक्यू विद्यापीठातले तेरुओ हिगा यांनी १९८० च्या दशकात जिवाणूंचं जे मिश्रण पुढे आणलं, ज्याला ईएम म्हणतात, त्याच्यामुळे ती जगभर घराघरात गेली. त्यात मुख्य लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू, यीस्ट आणि प्रकाशावर जगणारे जांभळे जिवाणू. हे मिश्रण मळीच्या पाण्यात घालून कोंड्याला लावतात आणि आंबवून वाळवतात, तोच आपण बादलीत भुरभुरवतो तो कोंडा. लॅक्टिकवाले हवा नसताना साखर खाऊन आम्ल करतात, आम्ल वाढलं की सडवणाऱ्या जिवाणूंना तिथे वाढताच येत नाही. म्हणून हवा बंद ठेवणं सगळ्यात महत्त्वाचं आहे, दिवसातून पाच वेळा झाकण उघडून एकेक साल टाकली तर काही उपयोग नाही, दिवसभराचं एका डब्यात साठवून रात्री एकदाच टाकायचं, कोंडा भुरभुरवायचा, ताटलीने दाबायचं, बंद.

कोंडा घरी पण करता येतो, तांदूळ धुतलेलं पाणी काही दिवस सैल झाकून आंबवायचं, मग त्याच्या दहापट दुधात घालायचं, काही दिवसांनी वर घट्ट थर येतो आणि खाली पिवळसर पाणी राहतं, त्या पाण्यात लॅक्टिकवाले भरपूर असतात. ते मळीबरोबर कोंड्याला चोळून हवाबंद दोन आठवडे ठेवायचं आणि मग वाळवायचं.

डी-२०३ वहिनी:
माझ्या बादलीत ह्यावेळी पांढऱ्याबरोबर हिरवट काळपट बुरशी पण आलीये एका बाजूला, टाकून देऊ का सगळं?

सी-५०१ काकू:
सगळं नको. वास कसला येतोय ते आधी बघ. आंबट, व्हिनेगरसारखा असेल तर आतलं ठीक आहे, हिरवट भाग कडेचा काढून मातीत पुर आणि वर कोंडा नेहमीपेक्षा जास्त घालून परत दाब. नाकाला झोंबणारा कुजका वास असेल तर हवा शिरली आहे नाहीतर पाणी साचलंय. झाकणाचं रबर बघ, बादलीच्या तळाच्या तोटीतून सुटलेलं पाणी काढतेस ना दोन-तीन दिवसांनी? बहुतेक वेळा तेच राहून जातं, खाली पाणी साचतं, सगळ्यात खालचा थर त्यात बुडतो आणि सडतो. अगदीच कुजलं असेल तर सुक्या पानांत आणि मातीत भरपूर मिसळून उघड्या हवेवर ठेव, तिथे ते हवेतल्या जिवाणूंच्या हवाली होतं आणि हळूहळू त्याचं पण खत होतं.

ए-१०४ काका:
ते पाणी झाडांना घातलं तर चालतं ना? मी परवा तसंच ओतलं कुंडीत.

डी-२०३ वहिनी:
काका तसंच नाही हो, फार आंबट असतं ते. १ भाग पाण्याला १०० भाग साधं पाणी, आणि पानांवर नाही, मातीत, तेही त्याच दिवशी वापरायचं, साठवून ठेवलं की सडतं. त्या कुंडीत आता साधं पाणी भरपूर घाला, खालून निघून जाऊ दे. आणि गांडुळांच्या डब्याखाली जे काळं पाणी जमतं ते वेगळं, ह्याच्याशी त्याचा संबंध नाही.

सी-५०१ काकू:
बरोबर. आणि गांडुळांच्या डब्याखाली खूप पाणी जमत असेल तर त्याचा आनंद मानू नका कोणी, डबा फार ओला झालाय त्याचं ते लक्षण आहे. मूठभर माल पिळला तर एखाद-दुसरा थेंब पडला पाहिजे, धार लागली तर सुका पुठ्ठा घाला.

बी-३०२ ताई:
काकू गेली आत, बरीचशी. दोन-चार अजून कडेला आहेत. अंड्याची टरफलं कुटून घालू का, आणि चुना घातला तर आम्ल लवकर मरेल का

सी-५०१ काकू:
टरफलं घाल, अगदी बारीक पूड करून. आम्ल पण हळूहळू कमी होतं आणि गांडुळांना दात नसतात ना, पोटातल्या एका स्नायूच्या पिशवीत दळतात ती, त्याला अशी बारीक कचकच लागते. चुना मात्र अजिबात नको, अंग भाजतं त्यांचं. चुनखडीची पूड असेल तर चिमूटभर चालेल, पण पुठ्ठा आणि थोडा धीर एवढं पुरे आहे.

आता पुढचं. तो बाजूला काढलेला टब आहे ना, त्यात मातीचं प्रमाण बोकाशीच्या दुप्पट तरी ठेव, नीट कालव, वरून बोटभर नुसती माती, आणि सैल झाकून ठेव. अजिबात घट्ट नको, आता हवा लागू दे. मधून मधून उकरून बघ. आंबट वास गेला, मातीचा वास यायला लागला, तुकडे ओळखू येईनासे झाले की तयार. मग त्यातलं मूठभर गांडुळांच्या डब्यात एका कोपऱ्यात ठेव आणि दोन दिवस बघ. तिकडे गेली तर अजून घाल, लांब राहिली तर थांब. त्यांच्याइतकं अचूक मीटर कुठलं नाही. आणि खरं सांगू, बहुतेक वेळा ती माती गांडुळांना द्यायची पण गरज नसते, सरळ कुंडीत मुळांपासून जरा लांब घातली तरी झाडाला चालते.

ए-१०४ काका:
मिठाचं काय म्हणालात मघाशी? मुरवल्यावर मीठ राहतं का?

सी-५०१ काकू:
राहतं काका, सगळं राहतं. आम्ल मातीत मोडतं, मीठ मोडत नाही. थोडंफार तोटीच्या पाण्यातून जातं, उरलेलं कुंडीत. जमिनीत पुरलं तर पावसाने वाहून जातं, पण कुंडीत तेच तेच साठत राहतं आणि पानांच्या कडा करपायला लागतात. म्हणून खारवलेलं, फार खारट असं काही बोकाशीत पण घालू नये, आणि एकाच कुंडीत परत परत बोकाशीची माती घालू नये, फिरवत राहावं. ह्याच्यावर लोक फार कमी बोलतात म्हणून मी मुद्दाम लांबण लावतेय.

सी-६०२:
काकू गांडुळं किती खातात रोज? मी वाचलं वजनाच्या निम्मं

सी-५०१ काकू:
ते सगळं छान जमलेलं असताना, वरची मर्यादा म्हणून. नवीन डब्यात त्याच्या निम्म्यानेच सुरुवात करायची आणि आधीचं संपल्याशिवाय नवीन नाही. आणि ती साल खात नाहीत रे, सालीवर जे जिवाणू, बुरशी वाढतात ते आणि मऊ झालेला भाग खातात. म्हणून सालं बारीक चिरून, नाहीतर फ्रीझरमध्ये गोठवून मग वितळवून घातली तर पटकन संपतात, चिलटांची अंडी पण बरीचशी मरतात गोठवल्याने. घातलेलं नेहमी पुठ्ठ्याखाली पुरायचं, उघडं टाकलं की चिलटं आलीच. कांदा-लसूण आणि आंबट फळांची सालं अगदी थोडी.

बारीक पांढरे धाग्यासारखे किडे दिसले तर ते गांडुळांची पिल्लं नव्हेत, डबा आंबट आणि ओला झाला की ते वाढतात. त्रास नसतो त्यांचा पण सूचना म्हणून घ्यायची. पिल्लं लिंबासारख्या दिसणाऱ्या बारीक कोषातून येतात, एकेका कोषातून दोन-तीन किंवा जास्त पण.

डी-२०३ वहिनी:
डबा ठेवायचा कुठे पण? मी वॉशिंग मशीनच्या बाजूला जागा केलीये, सावली आहे तिथे

सी-५०१ काकू:
सावली चांगली, मशीन नको. गांडुळांना ऐकू येत नाही पण हादरे लगेच कळतात. चार्ल्स डार्विनने घरी कुंड्यांत गांडुळं पाळली होती, मोठ्याने पियानो वाजवला तरी त्यांना काही नाही, पण कुंडी पियानोवर ठेवून एक सूर वाजवला की झटक्यात बिळात. म्हातारपणी १८८१ मध्ये छापलंय त्याने हे सगळं, अनेक वर्षं बघत होता तो त्यांना. तेव्हा स्पिनच्या वेळी तुझी गांडुळं काय करतील बघ. आणि उष्णता, लाल गांडुळं म्हणजे आयसेनिया फेटिडा १५ ते २५ अंशांत सुखात असते, ३५ च्या पुढे मरायला लागते. युड्रिलस युजेनी ही दुसरी जात असेल तर उकाडा थोडा जास्त सोसते पण थंडीत मरते. उन्हाळ्यात वर ओलं बारदान टाकायचं.

सी-६०२:
बागेतली गांडुळं आणून टाकली तर?

सी-५०१ काकू:
नको रे, ती खोल बिळं करून राहणारी, माती खाणारी. डब्यात लागतात ती पालापाचोळ्यात वरच्या वर राहणारी. वेगळ्या जातीच आहेत त्या, बागेतली बागेतच राहू देत.

बी-३०२ ताई:
काकू सगळी गेली आत आता. तो टब बाल्कनीत ठेवलाय माती घालून. खूप थँक्यू

ए-१०४ काका:
मला पण सुरू करायचं आहे, फक्त कच्च्या सालींसाठी. गांडुळं मिळतील का तुमच्याकडून?

सी-५०१ काकू:
हो काका, रविवारी सकाळी या. नुसती गांडुळं वेचून देणार नाही, ती जगत नाहीत अशी, खालच्या खतासकट आणि पुठ्ठ्यासकट देते म्हणजे कोष पण येतील त्यात. पण डबा आधी तयार ठेवा, तळाला आणि कडेला भोकं पाडून, ओला पिळलेला पुठ्ठा निम्म्याच्या वर भरून, त्यात मूठभर माती, आणि तीन-चार दिवस तसाच राहू दे. पहिला आठवडा खायला काही घालू नका, मी जे देईन त्यातच त्यांना पुरेसं असेल.

ए-१०४ काका:
आईस्क्रीमचा मोठा डबा आहे घट्ट झाकणाचा, तो आणू का न्यायला?

सी-५०१ काकू:
आणा, झाकण मात्र घरीच ठेवा, वर ओलं फडकं बांधून नेऊ.