पाच वर्षांच्या मुलाला नोटेशन वाचायला शिकवावं का?

दोरीवरचा पंचम: कालच्या चर्चेत एकांनी लिहिलं, ‘आठ वर्षांच्या आत नोटेशनच्या पाच रेघा, म्हणजे ज्यांवर आणि ज्यांच्या मधल्या जागांत गोळे मांडून स्वर लिहितात त्या, दाखवल्या की मुलाचा कान मेला.’ रात्रभर डोक्यातून गेलं नाही. माझी लेक पाच वर्षांची असताना मी जमिनीवर त्या रेघांसारख्या दोन दोऱ्या टाकल्या. बाटलीचं झाकण खालच्या दोरीवर असलं की ‘ग’, वरच्या दोरीवर असलं की ‘प’. चौथ्या दिवशी तिने झाकण मधल्या जागेत ठेवलं आणि ‘म’ गायली. मी सांगितलं नव्हतं. धड अक्षरंही येत नव्हती तेव्हा तिला. कुठे मेला कान?

कानसेन: ते मीच लिहिलंय, आणि मागे घेत नाही. मूल आधी बोलतं, वाचतं कितीतरी नंतर. जपानी शिक्षक सुझुकींनी व्हायोलिन शिकवताना हाच क्रम धरला. मला सहाव्या वर्षी पुस्तकासमोर बसवलं. आज पन्नाशीत पुस्तक मिटलं की माझे हात थांबतात. घरी कुणी ‘वाजव ना काहीतरी’ म्हटलं की मी उठून जातो.

तिसरी रांग: सुझुकींनी वाचन पुढे ढकललं, टाकून दिलं नाही. माझं तुमच्या उलट झालं. सगळं कानावर. बाराव्या वर्षी वाद्यवृंदात गेलो, तर शेजारची मुलगी नवं पान बघून वाजवायची आणि मी तिचं ऐकून मागून. तीन महिन्यांत सोडलं. अकराव्या शतकात इटलीतल्या ग्विदो या मठवासी संगीतशिक्षकाने रेघांवर स्वर बसवले ते न ऐकलेलं गाणंही पोरांना गाता यावं म्हणूनच.

काळी दोन: खरा घात रंगीत नोटेशन करतं, त्यावर कुणी बोलत नाही! लाल सा, पिवळा ग, वाद्याच्या पट्ट्यांवर तेच स्टिकर. मूल रंग वाचतं, रेघ बघतच नाही. रंग काढले की पुन्हा पहिल्यापासून.

शिकवणीवाली: रंगांमुळे पहिल्याच दिवशी मूल काहीतरी वाजवून घरी जातं. तुम्ही किती मुलांना शिकवलंय? मी अठरा वर्षं शिकवतेय.

काळी दोन: अठरा वर्षं चुकीचं शिकवता येतं.

शिकवणीवाली: ही भाषा माझ्याशी नको.

तिसरी रांग: माझ्या भाच्याला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत. वर्गात दोन महिने ‘लक्ष नाही’ म्हणून बोलणी खात होता. सहा वर्षांचं पोर. काळे गोळे दिले तर आठवड्यात वाचायला लागला.

शिकवणीवाली: हे माझ्या वर्गात झालं असतं तर मलाही कळलं नसतं. पट्ट्यांवरचे स्टिकर काढते. पुस्तकातले रंग पहिला महिना राहतील, त्यावर वाद नको.

काळी दोन: महिनाभर ठेवा. पण एका मुलाला तरी पहिल्यापासून काळे गोळे देऊन बघा. भाषेबद्दल माफ करा.

कानसेन: मूळ प्रश्न राहिलाच. दोऱ्या आणि झाकणं याला मी वाचन म्हणत नाही, खेळ म्हणतो. खेळ म्हणून चालेल, तेही आधी गाऊन घेतलं असेल तर.

दोरीवरचा पंचम: तीन आठवडे नुसतं गात होतो, दोऱ्या त्यानंतर आल्या.

कानसेन: हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं. पण आठ वर्षांचं मी सोडलेलं नाही.