मदत हवी आहे: फायब्रॉइडवर फोकस्ड अल्ट्रासाउंड, तीन महिन्यांनी एनपीव्ही ६८ वरून ५० टक्के?

सूरसागर_काठ:
एमआरआय सेंटर बडोद्याचं, मशीनच्या चुंबकाची ताकद १.५ टेस्ला. पेशंट ५८ किलो. गर्भाशयाच्या मागच्या भिंतीत एकच फायब्रॉइड (कर्करोग नसलेली गाठ), त्यावर दुसऱ्या शहरात एमआरआयच्या देखरेखीखाली फोकस्ड अल्ट्रासाउंड, म्हणजे ध्वनिलहरी एकवटून गाठ तापवून मारण्याचा उपचार, झालं. तिथला रिपोर्ट: उपचाराआधी ७.२ × ६.५ × ६.० सेंमी, म्हणजे १४७ मिली. उपचार संपताच काँट्रास्ट देऊन मोजलेला रक्तपुरवठा तुटलेला भाग, म्हणजे एनपीव्ही, १०० मिली. आता फायब्रॉइड ६.४ × ५.९ × ५.३ सेंमी, १०५ मिली, आणि एनपीव्ही ५२ मिली.

गायनॅकवाले म्हणतात, टक्का घसरला म्हणजे गाठ परत वाढतेय. तसं लिहायचं का? शिवाय काँट्रास्टच्या आधीच टी१ वर (एमआरआयच्या एका प्रकारच्या चित्रावर) मधला भाग पांढरा दिसतोय आणि सबट्रॅक्शनमध्ये (काँट्रास्टनंतरच्या चित्रातून आधीचं वजा केल्यावर) कडेला काळ्या-पांढऱ्या रेघा येताहेत. मृत भागाभोवती २-३ मिमीची काँट्रास्ट घेणारी कड आहे. एस२-एस३ पातळीवर सेक्रममध्ये (माकडहाडाच्या वरच्या हाडात) एसटीआयआरवर (चरबी दाबून सूज दाखवणाऱ्या चित्रावर) पांढरा डाग आहे, पण पेशंटला दुखत नाही.

लार्मोर:
टक्के बाजूला ठेवा, मिली बघा. तेव्हा जिवंत भाग १४७ वजा १०० म्हणजे ४७ मिली, आज १०५ वजा ५२ म्हणजे ५३. मृत भाग शरीर शोषून घेतं, जिवंत जागेवर राहतो, त्यामुळे उपचार चांगला लागला असला तरी टक्का खाली येतोच. अंश आणि छेद दोन्ही हलताहेत, मग गुणोत्तरावरून वाढ कशी ठरवणार? लिहायचं ते असं: एकूण आकारमान २९ टक्के घटलं, जिवंत भाग मोजमापाच्या चुकीच्या मर्यादेत तेवढाच.

ती मर्यादा लहान नाही. तीन व्यासांचा गुणाकार गुणिले ०.५२३ या सूत्रात प्रत्येक व्यास ३ मिमी जास्त धरला गेला, तर तुमच्या १०५ चे १२० च्या वर जातात. ६ मिलीचा फरक त्यात बुडून जातो. एनपीव्ही तर क्वचितच अंडाकृती असतो, तिथे हे सूत्र वापरूच नये. प्रत्येक स्लाइसवर कड आखा, क्षेत्रफळांची बेरीज करा आणि स्लाइसची जाडी अधिक गॅप याने गुणा. ५ मिमी स्लाइस, १ मिमी गॅप असेल तर ०.६ सेंमी. गॅप विसरलात तर सहावा हिस्सा गायब.

आडवा_छेद:
वरच्याला अनुमोदन. पांढरा भाग म्हणजे मृत ऊतीत साकळलेलं रक्त, त्यातलं मेथहिमोग्लोबिन. नुसता काँट्रास्टनंतरचा टी१ पाहिला तर तो जिवंत वाटतो, म्हणून सबट्रॅक्शन हवंच. ते बिघडतं दोन कारणांनी. एक, आधीच्या आणि नंतरच्या सीक्वेन्समध्ये मशीन पुन्हा प्रीस्कॅन (स्वतःची जुळणी) करतं आणि गेन, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा ते प्रमाण, बदलतो. तो लॉक करा. दोन, हालचाल. सुई आधीच लावून ठेवा, टेबल बाहेर काढू नका. लघवी स्कॅनच्या अगदी आधी करायला लावा, नाहीतर मूत्राशय भरत जातं आणि गर्भाशय सरकतं. आतड्यांसाठी हायोसिन ब्युटिलब्रोमाइड २० मिग्रॅ हळू शिरेतून, काचबिंदू आणि हृदयाची धडधड विचारूनच. तुमच्या रेघा बहुतेक दुसऱ्या कारणाच्या.

काँट्रास्टचा डोस ०.१ मिलिमोल प्रति किलो: गॅडोब्युट्रॉल असेल तर ५.८ मिली, गॅडोटेरेट असेल तर ११.६ मिली. दोन्हींची तीव्रता दुपटीने वेगळी आहे आणि घोळ नेमका तिथेच होतो. मागे २० मिली सलाइन. मोजणी काँट्रास्टनंतर दोन-तीन मिनिटांच्या फेजवर करा. फार लवकर मोजलं तर मंद रक्तपुरवठ्याचा जिवंत भागही मृत वाटतो, फार उशिरा मोजलं तर काँट्रास्ट कडेने आत झिरपतो आणि एनपीव्ही कमी भरतो.

कड पातळ, गुळगुळीत आणि चहूबाजूंनी सारखी असेल तर ती भरून येणाऱ्या ऊतीची. एनपीव्ही तिच्या आतून मोजा. एकाच बाजूला जाड, गाठीसारखी आणि बाकीच्या जिवंत फायब्रॉइडला सलग असेल, तर उरलेला भाग समजा.

सूरसागर_काठ:
कड सगळीकडे सारखीच आहे. धन्यवाद. आणखी एक: उपचाराच्या रिपोर्टमध्ये थर्मल डोसचं आकारमान ७१ मिली आहे आणि एनपीव्ही १००. कुठला खरा? पुढच्या वेळी काँट्रास्ट टाळून डिफ्यूजनवर (ऊतीतल्या पाण्याची हालचाल दाखवणाऱ्या चित्रावर) भागेल का?

लार्मोर:
दोन्ही खरे, मोजतात वेगळं. थर्मल डोस हा हिशेब आहे: ४३ अंशांवर २४० मिनिटांइतकी उष्णता, म्हणजे ५७ अंशांवर साधारण एक सेकंद, जिथे पोचली तो भाग. तापमान पाण्यातल्या प्रोटॉनच्या वारंवारतेवरून काढतात. ती अंशाला ०.०१ पीपीएम (दहा लाखांत ०.०१ भाग) सरकते, १.५ टेस्लावर जेमतेम ०.६४ हर्ट्झ. पेशंट हलली की वाचन चुकतं आणि चरबीत ही पद्धत चालतच नाही. एनपीव्ही मात्र परिणाम दाखवतो. उष्णतेने एखादी रक्तवाहिनी बंद पडली की तिच्या पुढचा न तापलेला भागही मरतो, म्हणून १०० हे ७१ पेक्षा जास्त. पाठपुराव्याला एनपीव्हीच धरा.

डिफ्यूजनवर भागणार नाही. उपचारानंतर लगेच एडीसी (डिफ्यूजनवरून काढलेला पाण्याच्या हालचालीचा आकडा) उतरतो, पण पुढे मृत भाग बदलत जातो आणि रक्तामुळे सिग्नल बिघडतो. टी२ वर (एमआरआयच्या दुसऱ्या प्रकारच्या चित्रावर) काळ्या फायब्रॉइडचा एडीसी तर मुळातच कमी असतो. जोडीला ठेवा, बदली म्हणून नाही.

आडवा_छेद:
सेक्रमचं राहिलं. हाड मऊ ऊतीपेक्षा ध्वनी कितीतरी जास्त शोषतं, त्यामुळे मागच्या भिंतीतल्या गाठीमागे मज्जेला सूज दिसू शकते, दुखत नसलं तरी. रिपोर्टमध्ये पातळी आणि माप लिहा. टी१ वर हाडाची बाहेरची काळी रेघ अखंड आहे ना, तेही बघा. त्याच एसटीआयआरवर सायॅटिक नर्व्हच्या (पायात जाणाऱ्या मोठ्या नसेच्या) मुळांची जाडी दोन्ही बाजूंनी ताडून पाहा, आणि पुढे पोटाच्या भिंतीतली चरबी व तिथला रेक्टस स्नायूही. पायात मुंग्या किंवा पाऊल उचलायला जड जात असेल, तर रिपोर्ट टाइप होईपर्यंत थांबू नका, उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन करा. ताप, घाण वासाचा स्राव आणि मृत भागात हवा असं एकत्र दिसलं तरीही तेच.