शब्दचर्चा: संशय येणे, संशय धरणे आणि अविश्वास

रानजाई:
आमच्या चर्चच्या मंडळीत परवाच्या प्रार्थनासभेत एक ताई साक्ष द्यायला, म्हणजे आपला विश्वासाचा अनुभव सांगायला, उभ्या राहिल्या. म्हणाल्या, मिस्टर गेल्यापासून शंका येतात, प्रभू ऐकतोय की नाही तेच कळत नाही, तरी मी रविवार चुकवत नाही. तर मागून एक काका म्हणाले, संशय म्हणजेच अविश्वास, बायबलमध्ये लिहिलंय. ताई गप्प बसल्या. मला काकांचा राग आला तो वेगळा, पण भाषेच्या अंगाने विचारते, शंका, संशय आणि अविश्वास हे खरंच एकच आहेत का?

काठावरचा:
रोजच्या मराठीत तरी नाहीत. शंका विचारतात, संशय घेतात. शाळेत 'काही शंका?' असं विचारतात, 'काही संशय?' असं कोणी म्हणत नाही. संशयात माणसावरच बोट असतं, संशयित आरोपी, संशयी नवरा वगैरे. त्यात गीतेतलं 'संशयात्मा विनश्यति' आपल्या कानात इतकं बसलंय की ख्रिस्ती घरातसुद्धा संशय म्हटलं की नाश ठरलेलाच वाटतो.
दुसरं म्हणजे क्रियापद बघा. शंका 'येते', ती न बोलावता येते. संशय 'धरणे' मात्र आपण करतो. ताई 'येतात' म्हणाल्या, काकांनी ते 'धरतात' असं ऐकलं.

जुनाफळा:
काका बहुतेक बायबलमधलं मत्तय १४:३१ सांगत असावेत, येशूचा शिष्य पेत्र पाण्यावर चालता चालता वारा बघून घाबरतो आणि बुडायला लागतो तेव्हाचं येशूचं वाक्य, 'अरे अल्पविश्वासी, तू संशय का धरलास?' पण त्यात अल्पविश्वासी आहे हो, अविश्वासी नाही! थोडा का होईना, होता. आणि बाकीचे अकरा तर होडीतच बसून होते.
इथे मूळ ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे, दिस्ताझो, दोन वाटांवर घुटमळणं असा काहीसा अर्थ, ते अख्ख्या नव्या करारात (बायबलचा येशू आणि त्याच्या शिष्यांबद्दलचा भाग) फक्त दोनदा येतं. दुसऱ्यांदा मत्तय २८:१७ ला, शिष्य डोंगरावर, मरणातून उठलेल्या येशूला नमन करतात 'तरी कित्येकांना संशय वाटला'. क्रियापद तेच, पण मराठीत एकीकडे 'धरला' झालं आणि दुसरीकडे 'वाटला'. आणि त्या संशय वाटलेल्यांना येशूने बाजूला काढलं नाही, लगेच पुढच्या ओळींत 'जाऊन सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा' ही आज्ञा त्यांनाही आहेच.

रानजाई:
पेत्राच्या त्याच वचनात येशूने हात पुढे करून त्याला 'धरले' असंही आहे ना? म्हणजे तो संशय धरतो आणि प्रभू त्याला धरतो. भारी वाटलं वाचताना.

जुनाफळा:
छान आहे पण उपदेशात वापरू नका 😄 ही गंमत मराठीची, ग्रीकमध्ये दोन्हीकडे वेगळे शब्द आहेत.

खडूफळा:
एवढं सोपं नाहीये. बायबलमधलं याकोबाचं पत्र १:६ काय म्हणतं, संशय धरणारा समुद्राच्या लाटेसारखा. तिथे सौम्य करायला जागा नाही.

जुनाफळा:
तिथलं क्रियापद वेगळं, मन दुभंगलेलं असणं, एकीकडे देवाकडे मागायचं आणि दुसरीकडे हात आखडून घ्यायचा. आणि तेच क्रियापद नव्या करारातल्याच यहूदाच्या पत्रात २२व्या वचनात येतं, तिथे अशा लोकांवर दया करा असं सांगितलंय. काकांना हे वचन कळवा.

वसईवाली:
आम्हा कॅथलिकांत अशा काळाला 'कोरडेपणा' म्हणतात, प्रार्थना होते पण आत काही हलत नाही. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये, त्या गेल्यानंतर दहा वर्षांनी प्रसिद्ध झाली तेव्हा केवढी खळबळ झाली होती, कारण त्यांनी वर्षानुवर्षं आत नुसता अंधार असल्याचं लिहिलं होतं, आणि त्याच काळात मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), प्रार्थना, रस्त्यावर मरायला टेकलेल्यांची सेवा हे सगळं चालूच होतं. त्याला अविश्वास म्हणणं मला जमत नाही. २०१६ मध्ये चर्चनेही त्यांना संत घोषित केलंच. विश्वास 'वाटणे' आणि विश्वास 'ठेवणे' यात फरक आहे, वाटणं आपल्या हातात नसतं.

काठावरचा:
+१. आणि मार्क ९:२४ मधला, आजारी मुलाला येशूकडे घेऊन आलेला बाप तर एकाच दमात दोन्ही बोलतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. तिथे अविश्वास हा शब्द तो स्वतः स्वतःबद्दल वापरतो, दुसऱ्याने त्याला लावलेला नाही. मुलगा बरा झाला, आधी तुझा अविश्वास संपव मग ये असं काही त्याला ऐकावं लागलं नाही.

खडूफळा:
बरं, मग 'संशयी थोमा'चं काय? येशूच्या जखमा स्वतः पाहिल्याशिवाय तो उठल्याचं मानणार नाही म्हणणारा शिष्य?

जुनाफळा:
ते नाव लोकांनी पाडलंय. योहान २० मध्ये थोमाच्या बाबतीत संशय हा शब्दच नाही, तिथे 'विश्वासहीन असू नकोस' असं आहे. म्हणजे उलट जास्त कडक शब्द आहे, आणि त्यावर थोमाचं उत्तर 'माझा प्रभू व माझा देव'. योहान ११:१६ पण बघा, आपणही त्याच्याबरोबर मरायला जाऊ असं म्हणणारा हाच थोमा.

रानजाई:
धन्यवाद सगळ्यांना. ताईंना यहूदा २२ व्हॉट्सअ‍ॅप केलंय, काकांना रविवारी समोरासमोरच सांगते.