जुनं इंजिन खुशाल चालवा, जुनं बॉम्बर मात्र जमिनीवरच बरं

सिग्नल डाउन (धागाकर्ता)

गेल्या रविवारी मेहुण्याशी चांगलीच जुंपली. तो अमेरिकेत असतो, सुट्टीवर आलाय. जेवणं झाल्यावर त्याने मोबाइलवर दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बरचा व्हिडिओ लावला. चार इंजिनं घुमतायत, खाली माणसं माना वर करून उभी. म्हणाला, परत गेलो की असल्याच एका विमानात तिकीट काढून बसणार. मी म्हटलं, बसू नकोस. मग बहिणीने दिवे मालवेपर्यंत आम्ही भांडत होतो.

मी स्वतः जन्माचा रेल्वेवेडा. माथेरानच्या गाडीत जागा मिळावी म्हणून पहाटेची कर्जत पकडणाऱ्यातला. त्यामुळे ‘तुला जुन्या यंत्रांचं प्रेमच नाही’ हे मला कोणी ऐकवू नये. माझं म्हणणं एवढंच की वाफेचं इंजिन रुसलं तर गाडी उभी राहते. गार्ड खाली उतरतो, लोक फोटो काढतात, दुसरं इंजिन येऊन ओढून नेतं. ऐंशी वर्षांचं विमान रुसलं तर खालीच येतं.

ऑगस्ट २०१८ मध्ये स्वित्झर्लंडात १९३९ सालचं युंकर्स-५२ डोंगरात कोसळलं, आतले वीसच्या वीस गेले. ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकेत कनेटिकटला ‘नाइन-ओ-नाइन’ नावाचं बी-१७ बॉम्बर इंजिन बिघडून परत फिरलं आणि उतरता उतरता आपटलं. सात मेले, त्यातले पाच हौसेने पैसे भरून बसलेले. नोव्हेंबर २०२२ मध्ये डॅलसच्या एअर शोत एक बी-१७ आणि एक किंगकोब्रा लढाऊ विमान प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत एकमेकांवर आदळली, सहा मेले. झाले तेहेतीस. शिवाय विमानं गेली ती गेलीच. लँकेस्टर बॉम्बर ७,३७७ बनले, आज उडणारे दोन, एक इंग्लंडात आणि एक कॅनडात. त्यातलं एक पडलं की निम्मी प्रजात संपली.

म्हणून संग्रहालयात ठेवा, पुसा, पोरांना दाखवा. उडवू नका. मतं येऊ द्या.

वातकुक्कुट

अपघात तिन्ही खरे, निष्कर्ष मात्र चुकला. युंकर्स म्हातारं होतं म्हणून पडलं नाही. वैमानिकांनी ते अरुंद दरीत नको इतकं खालून नेलं, असं चौकशीत निघालं. डॅलसला तर दोष यंत्रांचा नव्हताच. कोणी किती उंचीवर राहायचं हे आधी ठरवलेलं नव्हतं, आयत्या वेळी रेडिओवरून सूचना चालल्या होत्या. असली ढिलाई नव्याकोऱ्या विमानांचाही घास घेते.

नाइन-ओ-नाइनची देखभाल मात्र भयंकर होती, हे मान्य. वैमानिक तोच देखभालीचाही प्रमुख. ‘आज हे उडणार नाही’ असं त्याला सांगणार कोण? अमेरिकी विमान खात्याने २०२० मध्ये ते विमान चालवणाऱ्या संस्थेची प्रवासी बसवण्याची परवानगी काढून घेतली, ठीकच केलं. पैसे घेऊन पर्यटक बसवणं एक आणि प्रशिक्षित वैमानिकाने एकट्याने स्पिटफायरसारखं एकासनी लढाऊ विमान उडवणं दुसरं. तुम्ही दोन्ही एकाच दावणीला बांधलंत.

आणि रुळांवरचं सगळं सुरक्षित? सप्टेंबर २०१५ मध्ये कालका-शिमला मार्गावर ब्रिटिश पर्यटकांची खास गाडी टकसालजवळ घसरली, दोन बायका गेल्या. तिथे ‘गार्ड उतरतो, लोक फोटो काढतात’ असं झालं नाही.

आता घरचं उदाहरण. युद्ध संपल्यावर दोस्त राष्ट्रांनी त्यांची लिबरेटर बॉम्बर कानपूरला टाकून दिली. कोणाला वापरता येऊ नयेत म्हणून जाताना मोडतोडही केली. १९४८ पासून एचएएल या आपल्या विमान कारखान्याच्या माणसांनी त्या भंगारातून चाळिसेक विमानं उभी केली. कानपुरात उडण्यापुरती डागडुजी, मग हवेतूनच बंगळूर, तिथे सगळं काम. म्हणजे कारखान्यापर्यंत विमान न्यायचं तेही उडवूनच! आपल्या हवाई दलाने ती १९६८ पर्यंत वापरली. जगात अठरा हजारांवर लिबरेटर बनले, त्यातले जे मोजके आज शिल्लक आहेत त्यात आपल्याकडून गेलेले बरेच. ब्रिटनच्या हवाई दलाच्या (आरएएफ) संग्रहालयातलं आपण १९७४ साली दिलेलं. आणि योगायोग बघा, नाइन-ओ-नाइनवाल्या संस्थेचं लिबरेटरही कानपूरच्याच भंगारातलं. ही विमानं वाचली कारण कोणीतरी ती उडवत राहिलं.

सिग्नल डाउन

@वातकुक्कुट, उडवत राहिले ते गरज होती म्हणून. आज कसली गरज? बाकी कालका-शिमलाचं विसरलो होतो, तो मुद्दा तुमचा.

शंकासुर

ते श्रीनगरला फौज घेऊन गेलेलं डाकोटा मालवाहू विमान अजून उडतं ना आपल्याकडे? तेच विमान आहे का ते?

वातकुक्कुट

क्रमांक तोच, विमान वेगळं. २७ ऑक्टोबर १९४७ ला पहिल्या शीख बटालियनचे जवान घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डाकोटाचा क्रमांक व्हीपी ९०५. तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी ब्रिटनमध्ये दुरुस्त करवून २०१८ मध्ये हवाई दलाला जे भेट दिलं, त्यावर तो क्रमांक रंगवला आणि नाव ठेवलं ‘परशुराम’. त्यांचे वडील हवाई दलात डाकोटाच उडवायचे. एप्रिल २०१८ मध्ये ते विमान कॉव्हेंट्रीहून टप्प्याटप्प्याने जामनगरला आलं. पेटीत घालून बोटीने नाही, स्वतःच्या पंखांवर.

आडमुठा

म्हणजे नंबरप्लेट अस्सल आणि गाडी दुसरी. हे आमच्या गल्लीत केलं तर पोलीस घेऊन जातात. खिक्.

गंभीरपणे बोलायचं तर धाग्यात पडण्याची भीती आहे, पण पाडण्याची लाज नाही. लँकेस्टर डोक्यावरून गेलं की लोक डोळे पुसतात. ते यंत्र बनवलं कशाला होतं? फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेस्डेनवर गेले ते हेच. चालवणारी पोरंही विशी-बाविशीतली, ब्रिटिश बॉम्बर कमांडची ५५,५७३ माणसं मेली. जो आवाज ऐकून माणसं तळघरात पळायची, तो आता आइस्क्रीम खात ऐकायचा. रेल्वेवाल्यांनीही फार सोवळं नेसू नये. हरियाणातल्या रेवाडीच्या शेडमधलं लाडकं वाफेचं इंजिन ‘विराट’ १९४३ सालचं, युद्धासाठी म्हणून अमेरिकेत बाल्डविनने बांधलेलं. त्याच वर्षी बंगालात माणसं भुकेने रस्त्यावर मरत होती. ते इंजिन दाखवताना हे कोणी सांगतं का?

वातकुक्कुट

सांगायला हवं, सहमत. पण आकाश रिकामं केल्याने कोण सांगणार आहे? त्याच युद्धात आपली पोरं ब्रह्मदेशच्या आघाडीवर हरिकेन आणि स्पिटफायर उडवत होती, जपानी इंफाळच्या दाराशी आले होते. आपल्या शाळेच्या पुस्तकात त्यावर किती ओळी होत्या, आठवून बघा. दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात स्पिटफायर पाहिलं तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं की हे आपल्याकडे आलं कसं.

आडमुठा

पाहिलंत कुठे? जमिनीवर. धागाकर्ते, आयता साक्षीदार मिळाला तुम्हाला.

यॉर्कशायरी पुरणपोळी

मी इथे इंग्लंडात एका छोट्या हेरिटेज रेल्वेवर महिन्यातले दोन शनिवार राबते. फुकट. चार वर्षं झाली, अजून फायरमन नाही, क्लीनरच आहे. नवऱ्याचं म्हणणं, घरची भांडी कधी इतकी घासली नाहीस.

इंजिन आदल्या संध्याकाळीच हळूहळू गरम करायला घेतात. थंड बॉयलरला एकदम आच दिली तर पत्रा आणि नळ्या असमान फुगतात, गळती सुरू होते. लाकडं, तेलात भिजवलेल्या चिंध्या, वर थोडा कोळसा. सकाळी साडेपाचला मी स्मोकबॉक्सचं (बॉयलरपुढच्या धुराच्या पेटीचं) दार उघडून आत अर्धी वाकते आणि राख ओढते. नाकातून दोन दिवस काळं येतं. मग एक म्हातारे फिटर हातोडी घेऊन बोल्टांवर टकटक करत फिरतात. आवाज बद्द आला की थांबतात. परवा मला म्हणाले, ‘ऐक.’ मला दोन्ही आवाज सारखेच वाटले. त्यांनी नुसती मान हलवली. हे कान कुठल्या काचेच्या कपाटात ठेवणार? इंजिन चालतं म्हणून हे शिकायला मिळतं. विमानाच्या मेकॅनिकचंही असंच असणार, म्हणून मी निम्मी वातकुक्कुट यांच्या बाजूने.

पण इथल्यांच्या कुरकुरीला मी वैतागले आहे. स्कॉटलंडातल्या फोर्ट विल्यम ते मॅलेगच्या त्या प्रसिद्ध वाफेच्या गाडीचे डबे जुने, दारं हाताने उघडायची. सुरक्षा नियामकाने मध्यवर्ती कुलूप बसवा म्हटलं, कंपनी हायकोर्टात गेली आणि डिसेंबर २०२३ मध्ये हरली. इथल्या गटांत रडारड, ‘वारसा मारला!’ अरे, चालत्या गाडीचं दार उघडून माणूस पडला तर वारसा काय करणार?

खरी अडचण कोळशाची. वेल्समधली फॉस-य-फ्रान खाण नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद झाली, तिथला कोळसा आम्हाला फार सोयीचा होता. आता समुद्रापलीकडून मागवतात, किंवा भुकटीच्या दाबून केलेल्या गोळ्या जाळून बघतात.

@आडमुठा, १९४० च्या दशकाचे वेश करून जत्रा भरतात आमच्यासारख्या लाइनींवर. बायका केसांची वळणं काढतात, बँड वाजतो, मजा असते. पण नाझी गणवेश घालून येणारेही निघाले, म्हणून काही ठिकाणी मनाई करावी लागली. तुमची शंका अगदीच हवेतली नाही.

कर्जत लोकल

सगळे लंडन-अमेरिका करून आलात, आता नेरळला उतरा जरा.

आमची नेरळ-माथेरान गाडी १९०७ ची. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी घरच्या पैशाने बांधली, दोन फुटी रूळ, सुमारे एकवीस किलोमीटर. पहिली चार इंजिनं जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेलची. आता एक दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात, एक इंग्लंडात. नेरळला डिझेल. आणि अलीकडे काय केलं, तर डिझेल इंजिनाला वाफेच्या इंजिनाचा मुखवटा चढवला. तिकडे गुजरातेत एकतानगर-अहमदाबाद गाडीला तर विजेचं इंजिन, सोंग वाफेचं. लोक खूश, सेल्फी काढतात. अस्सल चालवायचं की ठेवायचं यावर तुम्ही भांडताय, आमच्याकडे तिसराच उपाय निघाला.

आणि एक. माथेरानमध्ये मोटारी बंद. दस्तुरी नाक्यावर उतरलं की चालत, घोड्यावर, आता ई-रिक्षाने नाही तर गाडीने. अमन लॉज ते माथेरान शटल तुम्हाला टॉय ट्रेन, आम्हाला बस. त्यातून दुधाचे कॅन जातात, भाजी जाते, पाय मोडलेली म्हातारी जाते. जुलै २००५ च्या पावसात रूळ वाहून गेले, गाडी २००७ मध्ये आली. २०१९ मध्ये पुन्हा गेले, नेरळहून गाडी पुन्हा वर चढली ती ऑक्टोबर २०२२ मध्ये. त्या तीन वर्षांत वारशावर गळा काढणारा एकही जण पायी वर आलेला दिसला नाही.

सिग्नल डाउन

@कर्जत लोकल, लागलं. मीही आलो नव्हतो.

फायरमनचा नातू

प्रतिसाद लिहायचा नव्हता, पण पुरणपोळीताईंची राख वाचून राहवलं नाही.

माझे आजोबा भुसावळ शेडला फायरमन, पुढे ड्रायव्हर. डब्ल्यूजी इंजिनं, मालगाड्या. मे महिन्यातलं भुसावळ, त्यात समोर भट्टी. फावडं मारून उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली गेलेला. त्यांचा पंचा आजी वेगळ्या बादलीत सोडा घालून भिजवायची, तरी तो राखाडीच. हातावर ठिणग्यांचे डाग होते, आम्ही लहानपणी ते मोजायचो, दर वेळी आकडा वेगळा यायचा. तुम्ही लोक हौसेने फावडं मारता, संध्याकाळी घरी जाता. ते छत्तीस तासांनी घरी यायचे. ‘त्या काळची मजा’ असं कोणी म्हटलं की मला तो खांदा दिसतो.

मात्र एकदा त्यांना घेऊन मी एका स्टेशनबाहेर चौथऱ्यावर मांडलेलं इंजिन बघायला गेलो होतो. काळा-लाल चकचकीत रंग, भोवती कुंड्या. आजोबा काही बोलले नाहीत. चाकाजवळ वाकले, कनेक्टिंग रॉडवरच्या तेलाच्या कपावर बोट फिरवलं. झाकणासकट रंग मारला होता, उघडतच नव्हतं. म्हणाले, ‘रंग दिलाय, तेल नाही दिलं.’ घरी येईपर्यंत गप्प.

म्हणून मला अजून ठरवता येत नाही की मी कुठल्या बाजूचा.

वातकुक्कुट

@फायरमनचा नातू, आजोबा माझ्या बाजूचे.

आडमुठा

तो खांदा माझ्या बाजूचा. वाटून घेऊ.

शंकासुर

पावसाळ्यात माथेरानची गाडी असते का हो?

कर्जत लोकल

नेरळहून नसते, ऑक्टोबरपर्यंत वाट बघा. अमन लॉज-माथेरान शटल चालू असते. रविवारी येऊ नका, उभं राहायलाही जागा नसते.

सिग्नल डाउन

मेहुण्याने अख्खा धागा वाचला. फायरमन आजोबांचं वाक्य त्याने लगेच स्वतःच्या बाजूने लावून घेतलं. ऑक्टोबरात नेरळला यायला तयार आहे, पण बॉम्बरचा बेत रद्द नाही म्हणतो. तेहेतीसचा आकडा बहिणीला मी सांगून बसलोय, आता दोघंही माझ्याशी बोलत नाहीत.